जपून ठेवण्याचे मोल

शासकीय कार्यालयांत टेबल, खुर्ची, कपाट यांची नोंद ज्या वहीत होते, तिला 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणतात. नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत त्या वहीवर मी असंख्य सह्या केल्या. परंतु त्या नावाचा खरा अर्थ निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरातील एका वस्तूमुळे ध्यानी आला.

2008 साली वेतनाच्या थकबाकीतून, सुमारे दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम खर्चून, मी निकॉनचा डी-300 हा डिजिटल कॅमेरा घेतला. हौस जुनी होती. ऐपत उशिरा आली. आल्यावर मात्र त्या महाग वस्तूचेच मला भय वाटू लागले. इंदूरच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली माझ्यापाशी. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. सकाळी ती तुळशीपाशी वाती वळीत बसे. "एकदा माझा फोटो काढ रे," असे ती म्हणे. आणखी चांगली लेन्स घेऊ, दिवाळीत काढू, असे मी म्हणत राहिलो. 2013 साली ती गेली. भिंतीवर लावण्यासाठी मिळाला तो पुतण्याने मोबाइलवर घाईत घेतलेला, किंचित हललेला फोटो.

गेल्या वर्षी कॅमेरा विकावा म्हणून दुकानात नेला. शटर आजवर किती वेळा उघडले, ते दुकानदाराने संगणकावर पाहिले. आकडा निघाला 3,912. या कॅमेऱ्याच्या शटरची चाचणी दीड लाख वेळांपर्यंत घेतलेली होती. म्हणजे त्याचे शेकडा तीन इतकेही आयुष्य मी वापरले नव्हते. किंमत मात्र मूळच्या दहाव्या हिश्शाहूनही खाली आली होती.

विचार करता असे दिसते, की अशा यंत्राला दोन आयुष्ये असतात. एक यंत्राचे, ते वापराने झिजते. दुसरे बाजाराचे; ते वापर होवो न होवो, सरतच जाते. सोने जपले तर ते उरते. ज्या वस्तूचे मोल काळच खाऊन टाकतो, ती न वापरता राखणे याला काटकसर कसे म्हणावे? ती सभ्य वेषातील उधळपट्टीच होय.

याचा अर्थ दर दोन वर्षांनी नवा कॅमेरा घ्यावा, असा नव्हे. माझ्या कॅमेऱ्याचे चित्र 4,288 गुणिले 2,848 बिंदूंचे आहे. इंचाला 300 बिंदू या हिशेबाने त्यातून सुमारे चौदा इंच लांब, साडेनऊ इंच रुंद असा सुबक फोटो छापता येतो. घरातील भिंतीला याहून अधिक काय हवे? नव्याच्या मागे धावणारा आणि जुने कुलपात ठेवणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघांची दृष्टी वस्तूवर खिळलेली असते. ती ज्यासाठी आहे त्या कार्यावर नसते.

लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. नोकरी सांभाळूनच 1874 च्या सुमारास त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांवरून घेतलेली चित्रे पाहताना, कॅमेरा कोणता आणि केवढ्याचा होता, हे विचारण्याचे आपणांस सुचतही नाही.

कॅमेरा मी विकला नाही. आता दर रविवारी आळीतील वृद्धांचे फोटो काढतो आणि छापून ज्याचे त्याला नेऊन देतो. 3,912 चा आकडा केव्हाच मागे पडला आहे. त्या हजारो चित्रांत वाती वळणारी आई तेवढी नाही.