साचा कुणाकडे आहे?

यंदा बर्फ वितळल्यावर मागच्या डेकवरच्या ग्रिलचं आवरण काढलं, तळाला हात लावला आणि बोट आरपार गेलं. पत्रा नव्हताच, पत्र्याच्या आकारात उभा राहिलेला गंज होता. गॅसवरची ती ग्रिल चारच उन्हाळे वापरली होती. दुसऱ्या वर्षी पेटवायचं बटण गेलं. तिसऱ्या वर्षी बर्नरची भोकं गंजून एकमेकांत मिसळली. नवा बर्नर मागवायला फोन केला, तर ते मॉडेल बंद झालंय, एवढंच उत्तर मिळालं. शेवटी कचऱ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. कचऱ्याची गाडी येण्याआधीच एक भंगारवाला ती उचलून घेऊन गेला.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. बाहेरची शेगडी ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही. घरात वांगं भाजायला घेतलं की धुराचा अलार्म कोकलतो, आणि विजेच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला भरीत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कणसं, कांदे, श्रावणाआधीचं मटण, सगळं बाहेरच होतं. म्हणून नवी शेगडी घ्यायची हे ठरलेलंच होतं. मात्र या वेळी मनानं घेतलं, की घेईन ती याच देशात बनलेली. त्यात देशाभिमान किती होता आणि त्या आरपार गेलेल्या बोटाचा राग किती, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

रविवारी आप्पांना फोन केला. आप्पांची हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न करण्यात गेली. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा नमुना सागवानात करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि मग रस ओततात. ओतलेलं बीड थंड होताना शंभरात एकाच्या आसपास आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आप्पांकडे वेगळी फूटपट्टी असे. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. लहानपणी मी शाळेत ती पट्टी नेली, तिनं रेघा मारल्या आणि गणिताच्या गुरुजींचा मार खाल्ला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ती पट्टी पुसून परत पेटीत ठेवली.

‘‘आप्पा, इथंच बनलेली शेगडी शोधतोय.’’

‘‘बनल्याली म्हंजे? जोडल्याली, का केल्याली?’’

‘‘तेच तर कळत नाही.’’

‘‘मग पॅटर्न कुणाकडं हाय ते इचार आधी. ज्याच्याकडं पॅटर्न, त्याचा माल. बाकी समदी हमाली.’’

दुकानात जाताना मी खिशात लोहचुंबक नेलं. स्टीलची भांडी घेताना आमच्याकडे आया-आज्या हेच करायच्या. चुंबक चिकटलं की भांडं खाली ठेवायचं. इथेही तो हिशेब चालतो. निकेल असलेलं 304 जातीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला सहसा दाद देत नाही. स्वस्त ग्रिलना वापरतात ते 430 जातीचं स्टील मात्र चुंबकाला लगेच धरतं, आणि पावसात-बर्फात तेच आधी गंजतं. रांगेतल्या बहुतेक चकचकीत झाकणांना माझं चुंबक टक्कन चिकटलं. मग वाकून मागचे कागद वाचले. कुठे ‘आराखडा अमेरिकेत, उत्पादन चीनमध्ये’, कुठे ‘अमेरिकेत जुळणी, सुटे भाग जगभरातून’. झेंडा मात्र बऱ्याच खोक्यांवर होता.

या शब्दांना कायद्यात अर्थ आहे. कोणतीही पुस्ती न जोडता ‘मेड इन यूएसए’ लिहायचं असेल, तर वस्तू ‘सगळी किंवा जवळजवळ सगळी’ इथे बनलेली हवी, असा फेडरल ट्रेड कमिशनचा दंडक आहे. 1997 साली त्यांनी हे धोरण म्हणून मांडलं आणि 2021 मध्ये त्याचा नियम झाला, दंडासकट. ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे समजवायला त्या कमिशनने जी उदाहरणं दिली आहेत त्यांत नेमकी एक शेगडी आहे. नेवाडातल्या कारखान्यात गॅसची ग्रिल बनते. झडप, बर्नर आणि अ‍ॅल्युमिनियमचं घर हे मोठे भाग अमेरिकी आहेत, फिरवायच्या मुठी आणि नळी मेक्सिकोतून येते. कमिशन म्हणतं, चालेल. मुठी आणि नळी एकूण खर्चात नगण्य आहेत आणि वस्तूच्या दृष्टीने गौण. मला ते उदाहरण आवडलं. सरकारी भाषेत का होईना, त्यात वस्तूचा जीव कुठे असतो याचा विचार आहे. शेगडीचा जीव बर्नरमध्ये आणि तिच्या घरामध्ये असतो, मुठीत नसतो.

त्या उदाहरणासारखी शेगडी प्रत्यक्षात शोधायला गेलं, की मग चित्र दिसू लागतं. जे इथे टिकलं ते दोन टोकांना टिकलं, मधलं गेलं.

एक टोक अगदी साध्या, जड वस्तूंचं आहे. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावात लॉज कंपनी 1896 पासून बीड ओतते आहे. तिथे तवे होतात आणि त्याच कुळातली छोटी कोळशाची शेगडीही. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात 1948 पासून हेस्टी-बेक आहे. 1950च्या दशकात टेक्सासात निघालेली पीके ही ओतीव अ‍ॅल्युमिनियमची शेगडी, तिला गंज धरायचा प्रश्नच नाही. आणि आमच्या शेजारची, इलिनॉयची वेबर. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन काम करत होते. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या शेगडीत वाऱ्याने राख उडते म्हणून वैतागलेल्या या गृहस्थांनी बोयाचे दोन अर्धगोल घेतले, खालच्याला तीन पाय लावले, वरच्याला मूठ. पहिल्यांदा पेटवल्यावर आतला जाळ विझला, तेव्हा शेजाऱ्याने झाकणाला भोकं पाडायला सांगितली, अशी हकिकत सांगतात. ती 22 इंची केटल अलीकडच्या काळात शिकागोपासून तासाभरावरच्या हंटली गावात बनत आली आहे आणि मिळते दोनशे डॉलरच्या आसपास.

दुसरं टोक श्रीमंतांचं. मिशिगनमधल्या कॅलामझू गावात हाताने बांधलेल्या ग्रिलची किंमत मोटारगाडीशी स्पर्धा करते. कॅलिफोर्नियात फायर मॅजिकसारखी नावं आहेत. त्यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पैसा असला की कुठलीही वस्तू कुठेही करून मिळते.

मधे मात्र खिंडार पडलंय. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी ग्रिल ओरेगनमधल्या माउंट एंजल गावात जो ट्रेगर यांनी काढली, 1986 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे कंपनी कुटुंबाच्या हातून गेली आणि उत्पादन चीनला गेलं. जॉर्जियातल्या कोलंबसची चार-ब्रॉइलही 1940च्या दशकापासूनची. तिचं कार्यालय राहिलं, उत्पादन गेलं. तीन-चारशे डॉलरची, चार बर्नरची, सामान्य घरात दिसते ती ग्रिल जवळपास सगळी समुद्रापलीकडून येते.

असं का झालं असावं, याचं उत्तर मला त्या दोनशे डॉलरच्या केटलमध्ये सापडलं. तिचा वाडगा एका पत्र्यातून प्रेसखाली निघतो. त्यावर काचेच्या मुलाम्याचा लेप देऊन 800 अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजतात. काम यंत्राचं आणि भट्टीचं, हाताने जोडायचं थोडं. म्हणून अमेरिकी मजुरी देऊनही ती परवडते. गॅसची ग्रिल म्हणजे शेकडो तुकडे. पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रू, झडपा, तारा, आणि प्रत्येक तुकड्यामागे कुणाचे तरी हात. जिथे हात स्वस्त, तिथे ती गेली. म्हणजे देशात काय टिकतं, हे पुष्कळदा त्या वस्तूच्या घडणीतच लिहिलेलं असतं. केटल टिकली ती तिच्या साधेपणामुळे.

इथे आप्पांशी माझं पटत नाही. तुकडे जोडणं ही हमाली नव्हे. आणि माझ्या जुन्या ग्रिलचा तळ गेला त्याचा दोष ती जोडणाऱ्या चिनी कामगाराला देणं तर अन्यायाचंच. पत्रा किती जाडीचा, स्टील कुठल्या जातीचं, हे तो ठरवत नाही. ते आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावर ठरतं, आणि ते टेबल अनेकदा अमेरिकेतच असतं. खोक्यावर ‘आराखडा अमेरिकेत’ असं अभिमानाने छापतात, तेव्हा त्या पातळ तळाची जबाबदारीही त्याच दोन शब्दांत छापलेली असते. कोल्हापूरच्या शिरोलीतूनही परदेशी माल जातो, तिथल्या पोरांनाही सांगितलेल्या मापाचं ओतावं लागतं. माप चुकीचं असेल तर तो त्यांचा गुन्हा कसा?

मग करणारे हात दूर गेले की एवढा फरक का पडतो? माझं उत्तर असं आहे: आराखडा काढणारा, करणारा आणि वापरणारा एकाच पावसात भिजत असतील, तर पातळ तळाची बातमी आराखड्यापर्यंत पोचते. हंटलीतल्या कामगाराच्या मागच्या अंगणातही तीच थंडी, तोच बर्फ. समुद्र मधे आला की बातमी पोचते ती फक्त आकड्यांच्या रूपात, किती विकल्या आणि किती परत आल्या. रस्त्याच्या कडेला ठेवून दिलेली ग्रिल कुठल्याच आकड्यात येत नाही.

आप्पांचा मूळ मुद्दा मात्र पक्का आहे, हे मला एका घासणीमुळे कळलं. अलाबामातले डेस्टिन सँडलिन हे अभियंते आणि त्यांचा एक जोडीदार ग्रिल घासायची साधी घासणी संपूर्ण अमेरिकेत बनवायला निघाले. त्यात चार वर्षं गेली. 2025 मध्ये ती बाजारात आली तेव्हा किंमत 75 डॉलरच्या घरात होती. सँडलिन यांनी सगळ्यात कळकळीने सांगितलं ते किमतीबद्दल नव्हे, डायबद्दल. प्लास्टिकचा भाग काढायचा तर आधी पोलादाचा साचा कोरावा लागतो, आणि ते करणारे टूल अँड डाय मेकर म्हातारे होऊन निवृत्त होतायत, त्यांच्या जागी कुणी येत नाही. कारखाना एकदा गेला तर पैसे ओतून दोन वर्षांत परत बांधता येतो. साचा करणारा माणूस दोन वर्षांत तयार होत नाही. आप्पांना पट्टी नीट वाचता येण्यात किती वर्षं गेली, ते मी पाहिलंय.

माझा एक मित्र म्हणतो, तुझं हे सगळं पोट भरल्यावरचं आहे, ज्याच्याकडे दीडशेच डॉलर आहेत त्यानं काय करायचं? प्रश्न खरा आहे. मी इथे नवा आलो तेव्हा माझ्याकडेही दीडशेच होते आणि मी स्वस्तातलीच घेतली असती. पण दर चार वर्षांनी दीडशे देणारा माणूस बारा वर्षांत साडेचारशे देतो आणि तीन ग्रिल भंगारात घालतो. ज्याला एकदम जास्त देता येत नाहीत, त्यालाच शेवटी जास्त मोजावे लागतात. त्याचा उपाय मला सापडला तो दुकानाबाहेर.

मे महिन्यात दोन गल्ल्या पलीकडे एक आजोबा घर आवरत होते. गॅरेजमध्ये काळी केटल होती, चाकं वाकडी, आतली जाळी झिजून तुटलेली. त्यांनी झाकणावरच्या हवेच्या चकतीवरची अक्षरं दाखवली. त्या अक्षरांवरून ती कुठल्या सालची ते ओळखतात. ही 1980च्या दशकातली. वीस डॉलर मागितले, मी दिले. घरी येताना दुकानातून नवी जाळी घेतली, आजच्या केटलसाठी असते ती. आत ठेवली आणि ती चारी बाजूंनी बरोबर कानांवर बसली. चाळीस वर्षांपूर्वीचा वाडगा, याच वर्षाची जाळी. मी ती दोनदा काढून परत बसवली, नुसती बघायला.

संध्याकाळी वांगी ठेवली आणि आप्पांना व्हिडिओवर दाखवलं. वांग्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

‘‘झाकणाची कड दाव. दुमडल्याली हाय का नुसती कापल्याली?’’

मी टॉर्च घेऊन वाकलो आणि कडेवरून बोट फिरवलं. कड आत वळवलेली होती, सगळीकडे एकसारखी. एके ठिकाणी मुलाम्याचा टवका उडाला होता, तिथलं लोखंड काळं पडलं होतं, पण बोटाला टणक लागत होतं.

‘‘दुमडल्याली हाय, आप्पा.’’

‘‘मग डाय करणारा शाणा हुता,’’ आप्पा म्हणाले. ‘‘वांगं फिरीव आता, जळंल.’’