अनेकांच्या वर्तनाची हमी: यंत्रमानवांचे थवे आणि निश्चित ज्ञानाचा प्रश्न

अनेक कर्ते एकत्र वावरत असताना त्यांच्या सामूहिक वर्तनाविषयी आधीच निश्चितपणे काही सांगता येते का, आणि येत असेल तर त्या निश्चितीचे स्वरूप काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात आणि धर्मचिंतनात फार जुना आहे. संगणकशास्त्राच्या एका शाखेने गेल्या अर्धशतकात त्याला गणिती रूप दिले. परस्परांशी संबंध ठेवून, पण आपापले निर्णय स्वतः घेऊन काम करणाऱ्या अनेक घटकांच्या व्यवस्थेला बहुकर्तृक प्रणाली म्हणतात, आणि यंत्रमानवांचा थवा हा तिचाच एक विशेष प्रकार होय. त्यात साध्या बनावटीची पुष्कळ यंत्रे कोणत्याही मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय, केवळ आपल्या निकटच्या शेजाऱ्यांकडे पाहून वागत असतात. अशी प्रणाली ठरवून दिलेल्या मर्यादेतच वागेल, हे निव्वळ चाचण्यांवर न विसंबता गणिती सिद्धतेने दाखवणे म्हणजे आकारिक पडताळणी. ही पडताळणी नेमके कोणते ज्ञान देते आणि ते ज्ञान मिळवणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व टाकते, हा येथील विचाराचा विषय आहे.

थव्याचे वैशिष्ट्य असे की समूहाचे वर्तन कोणत्याही एका घटकाच्या नियमांत लिहिलेले नसते. क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 मध्ये दाखवून दिले की संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक पक्ष्याला शेजाऱ्याला न धडकणे, शेजाऱ्यांच्या दिशेशी आपली दिशा जुळवणे आणि त्यांच्या जवळ राहणे एवढे तीनच नियम दिले, तरी खऱ्या थव्यासारखी सामूहिक हालचाल निर्माण होते. हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाइन, अलेहांद्रो कोर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी 2014 मध्ये किलोबॉट नावाचे 1,024 छोटे यंत्रमानव एकत्र आणून त्यांच्याकडून ठरावीक आकृती घडवून घेतल्या. या प्रत्येक यंत्राचा व्यास सुमारे 3 सेंटिमीटर होता आणि त्याला केवळ जवळच्या यंत्रांचे संदेश कळत होते. घटकांच्या परस्परव्यवहारातून असा जो गुणधर्म समूहात प्रकट होतो, त्याला उद्भूत गुणधर्म म्हणतात. आकृती घडणे हा जसा उद्भूत गुणधर्म आहे, तसेच कोंडी होणे, थवा फुटणे किंवा धोक्याच्या जागी सर्वांची गर्दी होणे हेही उद्भूतच असते, आणि म्हणून पडताळणीची निकड येथे अधिक तीव्र होते.

चाचणी हजार वेळा यशस्वी झाली तरी त्या हजार प्रसंगांपलीकडे ती काही सांगत नाही. याउलट मॉडेल चेकिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रथम प्रणालीचे गणिती प्रतिमान रचले जाते, म्हणजे तिच्या सर्व संभाव्य अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे सर्व मार्ग लिहून काढले जातात, आणि मग अपेक्षित गुणधर्म त्यांतील प्रत्येक मार्गावर टिकतो की नाही हे संगणक तपासतो. हे गुणधर्म मुख्यतः दोन प्रकारचे असतात: अनिष्ट कधीच घडणार नाही, ही सुरक्षिततेची अट, आणि इष्ट कधी ना कधी घडेलच, ही प्रगतीची अट. गुणधर्म मोडणारा एक जरी मार्ग सापडला तरी तो प्रतिउदाहरण म्हणून समोर ठेवला जातो. या पद्धतीची मोठी अडचण अवस्थांच्या संख्येची आहे. शंभर चौकोनांच्या जाळीवर चार दिशांपैकी एकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका यंत्राच्या अवस्था 400 होतात. एका चौकोनात अनेकांना राहता येत असेल, तर तीन यंत्रांच्या मिळून 6 कोटी 40 लाख, आणि दहा यंत्रांच्या मिळून होणारी संख्या 27 अंकी असते. थव्यात किती यंत्रे आहेत हे न ठरवता कोणत्याही संख्येसाठी गुणधर्म सिद्ध करावा, असा मार्ग त्यावर सुचतो. परंतु क्षिष्टोफ आप्ट आणि डेक्स्टर कोझेन यांनी 1986 मध्ये सिद्ध केले की या सर्वसाधारण प्रश्नाचे उत्तर देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणून अभ्यासक विशिष्ट वर्गांपुरत्या रीती शोधतात, ज्यांत काही थोड्या यंत्रांची तपासणी पुरेशी ठरून तिचा निष्कर्ष कितीही मोठ्या थव्याला लागू होतो. येथे निश्चितीची पहिली मर्यादा दिसते, आणि ती साधनांच्या दुबळेपणातून आलेली नसून तर्काच्या स्वरूपातूनच आलेली आहे.

या पडताळणीची भाषा ज्या कालतर्कशास्त्रातून आली, त्याचा उगम धर्मशास्त्रीय चिंतेत आहे, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाची आहे. उद्या समुद्रावर लढाई होईल हे विधान आजच सत्य असेल, तर लढाई टाळण्याचे स्वातंत्र्य कोणाला उरते, असा प्रश्न ॲरिस्टॉटलने उपस्थित केला होता. ख्रिस्ती विचारवंतांनी तोच प्रश्न ईश्वराच्या सर्वज्ञतेच्या संदर्भात मांडला, कारण माणूस काय करणार हे ईश्वराला आधीच ठाऊक असेल तर पापाचे उत्तरदायित्व माणसावर कसे येते, याचे उत्तर त्यांना द्यावे लागत होते. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि प्रेस्बिटेरियन पंथाच्या वातावरणात घडलेले तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांना हाच पेच सतावत होता, आणि त्यातूनच 1950 च्या दशकात त्यांनी ‘कधीतरी होईल’, ‘नेहमीच होत राहील’ अशा कालवाचक विधानांचे तर्कशास्त्र उभारले. सतरा वर्षांच्या सॉल क्रिप्की यांनी 1958 मध्ये त्यांना पत्र लिहून सुचवले की भविष्यकाळ एका रेषेसारखा न मानता फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षासारखा मानता येईल. आमीर प्नुएली यांनी 1977 मध्ये हे तर्कशास्त्र संगणकाच्या आज्ञावलींना लावले, आणि एडमंड क्लार्क व ॲलन एमर्सन यांनी 1981 मध्ये शाखा असलेल्या काळाच्या तर्कशास्त्रावर मॉडेल चेकिंगची उभारणी केली.

या इतिहासातून एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. सर्वज्ञाला असंख्य शाखांपैकी कोणती शाखा प्रत्यक्षात येणार हे ठाऊक असते, अशी पारंपरिक कल्पना आहे, आणि स्वातंत्र्याचा पेच त्या कल्पनेतून जन्मतो. पडताळणी करणाऱ्याला मात्र थवा उद्या कोणत्या मार्गाने जाईल हे माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते; कोणत्याही मार्गाने गेला तरी अनिष्ट घडणार नाही एवढेच त्याला कळते. भविष्य न जाणताही भविष्याविषयी निश्चित असणे शक्य आहे, हा या शास्त्राचा तत्त्वज्ञानाला लाभलेला खरा ठेवा आहे. अशा निश्चितीमुळे घटकांचे पर्याय हिरावले जात नाहीत, त्या पर्यायांना केवळ एक सिद्ध झालेली सीमा असते. आणि म्हणून पूर्वज्ञान व स्वातंत्र्य यांच्यात अटळ मानला गेलेला विरोध या मर्यादित प्रांतात तरी नाहीसा होतो.

परंतु या निश्चितीचा पाया तपासताना भारतीय ज्ञानमीमांसेतील एक वाद विशेष उपयोगी पडतो. न्यायदर्शनानुसार धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर आणि अग्नी यांच्यात व्याप्ती, म्हणजे कधीही न मोडणारा साहचर्यसंबंध आहे. सर्व देशांतील आणि सर्व काळांतील धूर कोणी पाहिलेला नसताना अशी व्याप्ती कळतेच कशी, असा आक्षेप चार्वाकांनी घेतला. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांचे उत्तर असे की शंकेलाही मर्यादा असते आणि शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या व्यवहाराशीच विरोध येऊ लागला की ती थांबते. तरीही नैयायिकांनी आक्षेपातील गांभीर्य ओळखले आणि उपाधीची कल्पना काटेकोरपणे विकसित केली. जिथे अग्नी तिथे धूर, असा उलट नियम कोणी मांडला तर तो चुकीचा ठरतो, कारण तप्त लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो. धूर निघण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. हा संयोग म्हणजेच उपाधी, अर्थात ज्या छुप्या अटीवर संबंध टिकून असतो पण जी विधानात बोलून दाखवलेली नसते ती अट.

आकारिक पडताळणीतील अपयशांचे मूळ बहुतेक वेळा अशाच उपाधीत असते. प्रतिमानाच्या आत संगणक प्रत्येक मार्ग तपासतो, त्यामुळे सर्व प्रसंग पाहिलेच नाहीत हा चार्वाकांचा आक्षेप तेथे निष्प्रभ ठरतो. पण प्रतिमान आणि प्रत्यक्ष जग यांच्यातील संबंधावर तो आक्षेप पूर्ण बळाने परत येतो. संदेश नेहमी पोहोचतात, यंत्रे सरळ रेषेत जातात, सर्वांची गती सारखी असते, मधेच कोणी बंद पडत नाही, अशी गृहीतके धरून सिद्धता उभी राहते. किलोबॉटच्या प्रयोगात कंपनाने चालणाऱ्या या स्वस्त यंत्रांची गती सारखी नव्हती, त्यामुळे हळू चालणाऱ्यांच्या मागे कोंडी होत असे, आणि थोड्या यंत्रांत क्वचितच दिसणारे दोष हजारांच्या समूहात वारंवार दिसू लागले. म्हणून आपल्या व शेजाऱ्यांच्या चुका ओळखून सावरण्याची सोय नियमांतच करावी लागली. संभाव्यतेवर आधारलेली पडताळणी यंत्र बिघडण्याची शक्यताही हिशेबात घेते, मात्र त्या शक्यतेचा आकडाही शेवटी कोणीतरी बाहेरून पुरवलेला असतो. सिद्धतेने अनिश्चितता संपत नाही, ती सगळी गृहीतकांच्या यादीत गोळा होते आणि त्यामुळे डोळ्यांसमोर येते.

यानंतर कर्तृत्वाचा प्रश्न उरतो: थव्याकडून हानी झाली तर ती कोणी केली? मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाके, आस आणि दांडी यांपासून निराळा असा रथ कोठेही सापडत नाही, आणि ‘रथ’ हे त्यांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव आहे. न्याय-वैशेषिकांनी अशा मताविरुद्ध अवयवी, म्हणजे अवयवांहून भिन्न असे संपूर्ण, ही स्वतंत्र वस्तू मानली. पहिली बाजू स्वीकारली तर एकेक यंत्राचे वर्तन निर्दोष ठरून हानीचा कर्ताच नाहीसा होतो. दुसरी स्वीकारली तर दोष थव्याच्या माथी मारून माणसे मोकळी होतात. पडताळणीचे तर्कशास्त्र या दोन्ही पळवाटा बंद करते. राजीव अलूर, थॉमस हेन्झिंगर आणि ऑर्ना कुप्फरमन यांनी मांडलेल्या तर्कशास्त्रात, कर्त्यांच्या अमुक गटापाशी इतरांनी काहीही केले तरी तमुक परिणाम घडवून आणण्याची युक्ती आहे का, असा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो. या गटांत नियम लिहिणारा, यंत्रे सोडणारा आणि ती थांबवू शकणारा यांनाही स्थान देता येते, आणि मग हानी टाळण्याचे सामर्थ्य कोणापाशी होते हे मोघम न राहता तपासण्याजोगे बनते. ज्याच्यापाशी टाळण्याची युक्ती होती आणि ज्याला ती कळू शकत होती, त्याच्यावर उत्तरदायित्व येते. समूहाचे वर्तन उद्भूत होते, ही सबब त्याला चालणार नाही, कारण जे उद्भूत आहे तेही पडताळण्याची साधने आता उपलब्ध आहेत.

स्वयंचलित शस्त्रांविषयी जिनिव्हात 2014 पासून राष्ट्रांमध्ये जी चर्चा सुरू आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, आणि तेथे पडताळणीचे नाव घेऊन मानवी निर्णय बाजूला सारण्याचा मोह मोठा असणार हे उघड आहे. त्या मोहाला उत्तर एकच आहे: कोणतीही सिद्धता ‘थवा सुरक्षित आहे’ असे म्हणत नाही, ‘या या अटी पाळल्या गेल्या तर थवा या या अर्थाने सुरक्षित आहे’ एवढेच ती म्हणते. अटी निवडणे, सुरक्षितता कशाला म्हणायचे हे ठरवणे आणि अटी अजून पाळल्या जात आहेत का यावर लक्ष ठेवणे, ही तिन्ही कामे सिद्धतेच्या बाहेर, माणसाच्या विवेकाकडे राहतात. म्हणून अशा प्रत्येक प्रणालीबरोबर तिची गृहीतके सामान्य नागरिकाला कळेल अशा भाषेत जाहीर व्हावीत, त्यांच्या खरेपणाची जबाबदारी नाव घेऊन कोणीतरी स्वीकारावी, आणि जो आपली गृहीतके सांगू शकत नाही त्याची हमी समाजाने मान्य करू नये.