पाखरे पाहणे आणि पाखरे वाचणे

सुरतेच्या पर्वत पाटियात कापडाच्या गाठी, टेम्पोंची गर्दी आणि दाटीने उभ्या इमारती. येथे आम्हांस पाखरे पाहण्याचा छंद आहे असे सांगितले की लोक हसतात. पण कामावर जाण्यापूर्वी घटकाभर गच्चीवर उभे राहिले, तर पारवे, साळुंक्या, पोपट, घारी आणि खाडीकडे निघालेले बगळे सहज दिसतात. संध्याकाळी आम्ही पाखरांवरच्या कविता घरात मोठ्याने वाचतो. या दोन आनंदांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय? की कवितेतले पाखरू वेगळे आणि तारेवर बसलेले वेगळे?

आमच्यापैकी बरेच जण खानदेशातून आलेले. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आमच्याच मुलखातल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरी बाईची सुगरणीच्या खोप्यावरची कविता आमच्या घरोघरी पाठ आहे. कवितेत खोपा विणते ती आई. प्रत्यक्षात विणतो तो नर. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीम येथे या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तो पसंत करते, मग नर तो पुरा करतो आणि दुसरा विणावयास घेतो. मग कविता खोटी ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाहणाऱ्याने तिच्यातील माहिती दुरुस्त केली, इतकेच. बहिणाबाईंनी बोट दाखवले नसते, तर विहिरीवर लोंबणाऱ्या खोप्यापाशी आमच्यापैकी किती जण थांबले असते?

उलट, कविताही पाहणाऱ्याला दुरुस्त करते. १४ जानेवारीला उत्तरायणाच्या दिवशी सारी सुरत आकाशाकडे पाहते. पण दिसतात फक्त पतंग. अशाच एका उत्तरायणानंतर आमच्या गच्चीवर टाकीच्या नळाला अडकलेल्या मांज्यात एक पारवा लटकलेला आढळला. पंख चिरलेला होता. गुलाबी रंगावरून मांजा ओळखला. तो आमचाच होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आम्ही लहानपणी डोळ्यांत पाणी आणून म्हटलेली. घायाळ पक्षिणी पिलांपर्यंत पोचण्यासाठी धडपडते, आणि आम्हांस त्या शिकाऱ्याचा राग येई. त्या सकाळी कळले की शिकारी होण्यास क्रूर असावे लागत नाही; आपल्या आनंदात दंग असले की पुरते.

दोन चिमण्या अगदी थोडक्या पैशांत विकल्या जातात, तरी त्यांतली एकही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभूने सांगितले (मत्तय, अध्याय १०). पित्याच्या ध्यानात असलेले पाखरू आपल्या ध्यानात नसावे काय?

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. पण काचेची पूड लावलेला सुती मांजाही पंख कापतोच. तेव्हा सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ५ नंतर, पाखरांच्या ये-जा करण्याच्या वेळी, पतंग उडवू नये. दुसऱ्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन झाडांवरचा व तारांलगतचा नव्हे, तर गच्चीवरचा, हाताशी असलेला मांजा गोळा करावा. जखमी पाखरू आढळल्यास गुजरातेत १९६२ या क्रमांकावर कळवावे. आणि त्या रात्री मुलांसमवेत टिळकांची ती कविता पुन्हा एकदा वाचावी.