आजींनाच विचारा

सत्तरीतल्या बाई ‘मन लागत नाही’ म्हणून दवाखान्यात येत नाहीत. पाठ दुखते, जेवण जात नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून येतात. बीपी-शुगर तपासून होते, गोळ्या मिळतात आणि उठता उठता ऐकू येतं, ‘‘वय झालं की असं व्हायचंच.’’

हे मायेनं म्हटलेलं असलं तरी अन्यायाचं आहे. तिशीतल्या माणसानं हेच गाऱ्हाणं मांडलं असतं तर कारण शोधलं गेलं असतं. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या, वृद्धत्वावरच्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे आठ जणांत नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. निदान झाल्याचं सांगणारे मात्र त्याच्या जेमतेम एक दशांश होते.

चाळणी म्हणून दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटेनाशी झाली का? उदास, हताश वाटत होतं का? उत्तर ‘हो’ आलं तर पुढे ज्येष्ठांसाठीच केलेली पंधरा हो-नाही प्रश्नांची यादी आहे. ती झोप-भुकेबद्दल विचारतच नाही, कारण त्या तक्रारी वयामुळेही असतात. अर्थात ‘हो’ म्हणजे निदान नव्हे. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, चालू औषधं, हेही पाहावं लागतं.

पण प्रश्न विचारायचा कुणासमोर? आपल्याकडे आजींच्या मागे मुलगा किंवा सून उभी असते. ‘‘झोप लागते का?’’ असं डॉक्टर विचारतात आणि आजींनी तोंड उघडायच्या आत मुलगा सांगतो, ‘‘दुपारी झोपते ना, मग रात्री कशी लागेल?’’ मुलगा खोटं बोलत नसतो. पण दुःखाचं कारण घरातच असेल तर आजी त्याच्यादेखत काय बोलणार? म्हणून नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवावं, आणि आजींनी सांगितलेलं घरी कळवायचं की नाही, हे आजींनाच विचारावं. औषधाचा खर्च मुलगा करतो, एवढ्यानं त्यांच्या मनावर त्याचा हक्क होत नाही.

विचारून सोडून देणंही बरं नाही. ‘मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ ही अडचण खरी आहे. गोव्यात त्यावर एक वाट सापडली. तिथल्या प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या, नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या १८१ ज्येष्ठांवर ‘संगाथ’ संस्थेनं अभ्यास केला. समुपदेशक होते प्रशिक्षण दिलेले साधे लोक. अडचण सोडवायची कशी, झोप सुधारायची कशी, मधुमेह सांभाळायचा कसा, हे ते समजावत. वर्षाअखेरीस त्यांची मदत मिळालेल्यांत चार टक्क्यांच्या आसपास लोकांना नैराश्य आलं. इतरांत चौदा टक्क्यांना.

डॉक्टरांनो, साठीपुढच्या पेशंटचं बीपी घेताना हे दोन प्रश्न विचारत चला, आणि चिठ्ठीवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.