लहान होणे आणि लहान ठरविले जाणे

स्वर्गाच्या राज्याविषयी प्रभू येशूने जे शिकविले, त्यातील दोन गोष्टी आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस कोड्यात पाडितात. बालकासारखे लीन झाल्यावाचून त्या राज्यात प्रवेश नाही, ही एक (मत्तय १८). त्या राज्यातील सर्वांत लहान मनुष्यही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाहून मोठा आहे, ही दुसरी (मत्तय ११). ज्यांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिले व ज्यांस जोहार घालूनच वाड्यापुढे उभे राहता येई, ते साहजिकच विचारितात, “आम्ही वाकलेलेच होतो, आता शास्त्रही आणखी वाकावयास सांगते काय?” हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हे.

पहिला बोध कोणास केला हे आधी पाहावे. राज्यात सर्वांत थोर कोण, असे शिष्यांनी विचारिले. मार्क सांगतो की, वाटेने त्यांचा ह्याच गोष्टीवरून वाद झाला होता. म्हणजे हा बोध मानाच्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यांस होता. त्या काळी बालकास घरात अधिकार नसे, सभेत शब्द नसे. अशा बालकास प्रभूने बोलावून सर्वांच्या मध्ये उभे केले. ‘तू आणखी खाली हो’ असे त्यास सांगितले नाही. मोठ्यांस खाली उतरविणाऱ्या त्याच कृतीने लहानास मध्यभागी आणिले. ही दुसरी बाजू सोडून जो उपदेशक केवळ पहिलीच सांगतो, तो अर्धेच शुभवर्तमान सांगतो.

आता योहानाविषयी. प्रभूने त्यास हलके लेखिले असे कित्येकांस वाटते. परंतु स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याहून मोठा कोणी झाला नाही, अशी साक्षही प्रभूने तेथेच दिली आहे. योहान राज्याच्या दाराशी उभा राहून वाट दाखवीत होता; जो आत आला त्यास ते राज्य दान म्हणून मिळाले. हा मोठेपणा कमाईचा नव्हे, कृपेचा होय. दानाने मोठा झालेल्यास फुशारकी मारण्यास जागा नाही, आणि तोंड लपविण्याचेही कारण नाही.

ह्यावरून नम्रता व लाचारी ह्यांतील भेद कळतो. लाचार मनुष्य भयाने वाकतो. नम्र मनुष्य प्रीतीने वाकतो. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) प्रभूने शिष्यांचे पाय धुतले; परंतु पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे जाणून तो कमरेस रुमाल बांधावयास उठला, असे तेथे लिहिले आहे. आपण कोण हे ज्यास ठाऊक आहे, त्यालाच मनापासून वाकता येते.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. पुढे इंग्लंडात असता वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकिली नाही. त्याच बाईंनी केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळपीडित मुलींची सेवा केली, आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर अशिक्षित स्त्रियांसही समजेल अशा सोप्या मराठीत केले. १९२२ साली त्या निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. संस्कृतात प्रवीण असलेल्या विदुषीने साधी भाषा पत्करिली, ती भयाने नव्हे.

म्हणून, बंधुभगिनींनो, कोणी जातीमुळे तुम्हांस खाली बसवील तर ते मुकाट्याने सोसणे ही ख्रिस्ती नम्रता असे समजू नका. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेनेही अस्पृश्यता नाहीशी केली आहे. परंतु हा बोध आता आपल्याकडेही वळतो. आपल्या खेड्यांतून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे गेलेली कित्येक कुटुंबे शिकून नोकरीस लागली आहेत. नाताळात गावी आल्यावर त्यांस पुढची जागा मिळते, आणि शेतावर मोलमजुरी करणारी विधवा दाराशीच बसते. तिला ‘लीन हो’ असे सांगण्याची गरज नाही. पुढे बसलेल्याने उठून तिला जागा द्यावी. येत्या रविवारी हा अध्याय वाचण्यापूर्वी प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीत दाराशी कोण बसते, हे पाहून घ्यावे.