खिशातले पाते

रात्रपाळी संपवून भिवंडीहून काशेलीमार्गे बाळकुमला परतणाऱ्या एका तरुणाच्या खिशात त्याच्या आईला खटक्याचा चाकू सापडला. रविवारच्या मिस्सानंतर तिने आम्हांला विचारले, "रस्ता सुनसान असतो हो. जवळ ठेवला तर पाप आहे का?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही.

धार आपल्याला परकी नाही. खाडीकाठी मासळीची सुरी आणि शेतावरचा कोयता पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. वाटेने जाताना कोयत्याला फडके गुंडाळावे, सुरी दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी, हे वडीलधाऱ्यांनीच शिकवले. अवजार कामासाठी बाहेर पडते. हत्यार मात्र शत्रूची वाट पाहत खिशात बसते.

कायदाही हा भेद ओळखतो. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरकामासाठी वा शेतीसाठी बनवलेले त्यांतून वगळले आहेत. पिस्तुलाला 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतोच. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली मनाई आदेश निघतो, तेव्हा लहान चाकू, इतकेच नव्हे तर लाठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकते.

परंतु आईचा प्रश्न कायद्याचा नव्हता. स्वसंरक्षण हे पाप नव्हे. हेतू जीव वाचवण्याचा असावा आणि बळ गरजेपुरतेच वापरावे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिकवणीतही तोच विचार आहे. अडचण आहे ती 'गरजेपुरते' या शब्दाची. हत्यार हाताशी असलेल्या माणसाला हे माप सांभाळता येते काय?

2 फेब्रुवारी 2024 रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या आणि एका आमदाराला अटक झाली. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा. पण पोलिसांच्या देखत, ठाण्याच्या चार भिंतींतही भांडण गोळीपर्यंत पोहोचू शकते, एवढे आपल्याच जिल्ह्याने पाहिले.

गेथशेमानेच्या बागेतील पेत्र आठवावा. धोका खरा होता, प्रभूवरचे त्याचे प्रेमही खरे होते. तरी त्याची तलवार पडली ती महायाजकाच्या एका चाकराच्या कानावर. प्रभूने तलवार म्यानात घालावयास सांगितली आणि तो कान बरा केला. भीतीने उपसलेले शस्त्र बहुधा भलत्यालाच लागते. आणि प्रत्येक जखम अशी भरून येत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या माउलीला सांगितले, "मुलाला रागावू नका, भीती वाटणे ही लाज नव्हे. सोबत्यांबरोबर येऊ द्या, संकटात 112 वर फोन करू द्या. चाकू मात्र घरी राहू द्या." तिने शांतपणे विचारले, "आणि सोबती नसेल त्या रात्री?"

त्या प्रश्नापुढे आमचा उपदेश अपुरा पडला. दुसऱ्याच्या मुलाला चाकू टाकायला सांगणे सोपे. त्याला घ्यायला रात्री नाक्यावर जाणे अवघड. आपल्या धर्मग्रामात दुचाक्या पुष्कळ आहेत. आळीपाळीने चार घरे जरी उठली, तरी त्या खिशातल्या पात्याचे काम उरणार नाही.