आनंदाचे माप

सज्जनहो, राष्ट्राची भरभराट मोजावी कशी, हा अर्थशास्त्र्यांचा प्रश्न, त्यात आम्हां टाळकऱ्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आनंद मोजण्याचा खटाटोप आपल्या ऋषींनी कधीच केला आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत मनुष्याच्या आनंदाचे एक माप ठरवले आहे, आणि तेथून शंभर शंभर पटींनी चढत चढत ब्रह्मानंदापर्यंत नेले आहे. ते पहिले माप कोणाचे? तरुण असावा, सदाचारी असावा, शिकलेला, धट्टाकट्टा असावा आणि मग धनाने भरलेली पृथ्वी त्याची असावी. धन आहे बरे का, वगळलेले नाही. पण ते एकटे नाही.

आज वर्तमानपत्रांत राष्ट्राच्या उत्पन्नाचा जो आकडा येतो, त्याचा पाया घालणारांत सायमन कुझनेट्स हे मोठे नाव. अमेरिकेत १९२९ पासून महामंदी आली. कमाई किती घटली हे सरकारलाच नीट कळेना. तेव्हा त्यांनी हिशेब मांडून १९३४ साली तेथील सिनेटपुढे ठेवला. गंमत पाहा, त्याच अहवालात त्यांनी बजावले होते की एवढ्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. ताकीद मागे पडली, आकडा तेवढा गादीवर बसला.

या आकड्यात येते काय? बहुतांशी पैशाने जे घेतले-दिले जाते तेच. वारीच्या वाटेवर कोणी माउली थकल्या पायांना तेल चोळते, ते यात नाही. घरची सून पहाटेपासून राबते, तेही नाही. पण इंद्रायणीवर फेस तरंगतो म्हणून बाटलीतले पाणी विकत घ्यावे लागले, की ते मात्र आले! कारखान्याचा माल धरला, सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च धरला, घाण पाण्याने आजारी पडलेल्याचे औषधही धरले. नदी तेवढी कोठे वजा झाली नाही.

हिमालयातील भूतानने दुसरे माप धरले. एकूण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा एकूण राष्ट्रीय सुख थोर, हे म्हणणे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचे. ते १९७२ साली गादीवर आले. २००८ च्या राज्यघटनेत त्याला जागा मिळाली, आणि किमान ६० टक्के भूमी सदैव वनाखाली राहावी असेही त्यात लिहिले. पुढे २०१०, २०१५ आणि २०२२ साली निवडक घरी जाऊन विचारले: झोप किती होते, काम किती तास, शेजाऱ्यावर विश्वास आहे का, प्रार्थना-ध्यान घडते का? अशी ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक.

तथापि याच देशातून १९९० च्या सुमारास दक्षिणेकडचे नेपाळीभाषक लोक हजारोंनी बाहेर पडले, कित्येकांची नागरिकता गेली. नेपाळातील छावण्यांत ते एक लाखावर झाले. २००७ नंतर त्यांतील बहुतेकांना अमेरिकादी देशांत आसरा मिळाला. २०१० च्या पाहणीत त्यांना कोण विचारणार? पंगतीतून आधीच उठवलेल्यांना वगळून ‘सगळे जेवले’ म्हणण्यातलाच हा प्रकार. माप चांगले म्हणून मोजणारा निर्दोष ठरत नाही.

कोणी म्हणतात, सुख स्वसंवेद्य. ते मोजणार कसे? हरकत खरी आहे. सुख मोजता येत नाही हो, पण सुखाच्या आड येणाऱ्या पुष्कळ गोष्टी मोजता येतात: उपाशी पोर, नासलेले पाणी, म्हाताऱ्याचे एकटेपण. मला खटकते ते निराळेच. हे सारे एकत्र कालवून त्याचा पुन्हा एकच आकडा करतात, भूतानही करतो. वैद्य नाडी पाहतो तेव्हा वात, पित्त, कफ यांची बेरीज करून सरासरी सांगतो काय? एक चढला आणि दुसरा उतरला तर सरासरी ठीकच दिसेल, रोगी मात्र अंथरुणावर.

मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने वने, नद्या, पाणथळी यांचा हिशेब राष्ट्रीय हिशेबाच्या जोडीने ठेवण्याची पद्धत मान्य केली. गावात नवा कारखाना येणार म्हटले की कामे किती मिळतील ते ग्रामसभेत सांगतात. त्याच बैठकीत ओढ्याच्या पाण्याचा कागदही मागावा, आणि दोन्ही शेजारी ठेवूनच हात वर करावा.